खाडाखोड न करणारी वही : मुक्तस्रोत डेटाबेसच्या इतिहासातील एक पुणेरी पान

रायपूरचा सदर बाजार सोन्याचांदीच्या पेढ्यांसाठी ओळखला जातो. अशा पेढ्यांवरील पारंपरिक हिशेबाचे तीन नियम मराठी वाचकालाही परिचित आहेत. दिवसाचा प्रत्येक व्यवहार घडल्या क्रमाने आधी रोजकीर्दीत उतरवायचा. मग तोच व्यवहार खतावणीत त्या त्या गिऱ्हाइकाच्या पानावर न्यायचा. कोणाचे खाते कोणत्या पानावर आहे, हे खतावणीच्या आरंभीच्या सूचीवरून कळते. तिसरा नियम असा, की लिहिलेली रक्कम खोडायची नाही. चूक झाली, तर दुरुस्तीची वेगळी नोंद घालायची.

आज त्याच बाजारात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एक स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्याला हा क्रमांक असणे बंधनकारक झाले. ग्राहकाने तो भारतीय मानक ब्यूरोच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला, की दागिन्याची शुद्धता आणि तो तपासणारे केंद्र यांची माहिती समोर येते. वहीची जागा अशा रीतीने डेटाबेसने घेतली. नोंद डिस्कवर नेमकी कोठे ठेवायची, बदल झाल्यास जुन्या नोंदीचे काय करायचे आणि लिहिता लिहिता वीज गेली तर काय वाचवायचे, हे डेटाबेसच्या ज्या भागात ठरते त्याला ‘स्टोरेज इंजिन’ म्हणतात. गेल्या चार दशकांत या इंजिनांची जी जडणघडण झाली, तिच्या मुळाशी पेढीवरचेच प्रश्न आहेत. त्यांपैकी एका प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर पुण्यातून आले.

प्रथम रोजकीर्दीचा प्रश्न. मूळ नोंद बदलण्यापूर्वी होणारा बदल एका क्रमवार नोंदवहीत लिहून तो डिस्कवर पक्का करायचा, म्हणजे यंत्र मध्येच बंद पडले तरी ती नोंदवही वाचून डेटाबेस पूर्वस्थितीत आणता येतो. या पद्धतीची सविस्तर शास्त्रीय मांडणी आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ या नावाने प्रसिद्ध केली. मोहन हे आयआयटी मद्रासचे पदवीधर. आजच्या बहुसंख्य डेटाबेसची ‘आधी नोंदवही, मग मूळ पान’ ही शिस्त याच विचारपरंपरेतील आहे.

दुसरा प्रश्न अधिक वादग्रस्त ठरला : जुनी नोंद पुसायची की राखायची? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये ‘पोस्टग्रेस’ प्रकल्प सुरू केला. त्याच्या साठवणीचा आराखडा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात जुनी नोंद कधीच पुसायची नाही, असे तत्त्व स्वीकारलेले होते. ओळ बदलली, की तिची नवी आवृत्ती लिहायची आणि जुनी तशीच ठेवायची. त्यामुळे भूतकाळातील एखाद्या दिवशी स्थिती काय होती, हेही विचारता येईल, अशी संशोधकांची अपेक्षा होती. ती सोय पुढे काढून टाकण्यात आली. तत्त्व मात्र टिकले, आणि १९९६ मध्ये ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ हे नाव घेऊन पुढे आलेल्या मुक्तस्रोत डेटाबेसने ते वारशात घेतले. या तत्त्वाचा मोठा लाभ असा, की एक जण नोंद बदलत असताना दुसरा जुनी आवृत्ती वाचू शकतो. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी ताटकळावे लागत नाही.

फिनलंडमधील हाइक्की तुउरी यांनी घडवलेल्या ‘इनोडीबी’ या इंजिनाने वेगळा मार्ग घेतला. तेथे मूळ जागीच नवी नोंद लिहिली जाते आणि जुनी माहिती बाजूच्या एका साठ्यात ठेवली जाते. हे इंजिन २००१ मध्ये ‘मायएसक्यूएल’ला जोडले गेले. मायएसक्यूएलचे वैशिष्ट्य असे, की प्रश्न समजून घेणारा वरचा भाग आणि नोंदी सांभाळणारे खालचे इंजिन एकमेकांपासून अलग करता येतात. गरजेप्रमाणे इंजिन बदलता येते. या रचनेची खरी परीक्षा ऑक्टोबर २००५ मध्ये झाली. ओरॅकल या बलाढ्य प्रतिस्पर्धी कंपनीने इनोडीबी घडवणारी छोटी कंपनीच विकत घेतली. मायएसक्यूएलचे सर्वांत विश्वासार्ह इंजिन प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले. पण इंजिनाची संहिता मुक्त परवान्याखाली आधीच सर्वांना उपलब्ध होती. ती परत घेता येणे शक्य नव्हते. २०१० मध्ये मायएसक्यूएलही ओरॅकलकडे गेले. त्याच्या आधीच, २००९ मध्ये, मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याच संहितेतून ‘मारियाडीबी’ ही स्वतंत्र शाखा सुरू केली होती. आपली वही कोणत्या पद्धतीने लिहिली जाते, हे वापरणाऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ होता.

इकडे पोस्टग्रेएसक्यूएलला आपल्या तत्त्वाची किंमत मोजावी लागत होती. एखाद्या खात्याची शिल्लक दिवसात शंभर वेळा बदलली, तर त्या एका ओळीच्या शंभर नव्या आवृत्त्या साठत. निरुपयोगी झालेल्या आवृत्त्या काढण्यासाठी ‘व्हॅक्यूम’ नावाची सफाई करावी लागे. त्याहून मोठी अडचण सूचीची होती. खातेदाराचे नाव, क्रमांक, गाव यांपैकी काहीच बदललेले नसले, तरी ओळीची नवी आवृत्ती नव्या जागी गेल्यामुळे प्रत्येक सूचीत नवी नोंद घालावी लागे. पाच सूची असतील, तर एका शिलकीच्या बदलासाठी पाच जादा नोंदी. तक्ते आणि सूची फुगत, डिस्क भरे आणि काम मंदावे.

यावरील उपायाची चर्चा २००६ च्या अखेरीस रंगली. त्या चर्चेतून आकाराला आलेली रचना प्रत्यक्ष संहितेत उतरवण्याचे मुख्य काम पुण्याचे अभियंता पवन देवलसी यांनी केले. आयआयटी मुंबईत शिकलेले देवलसी तेव्हा ‘एंटरप्राइझडीबी’ या कंपनीत होते. सायमन रिग्ज, हाइक्की लिन्नाकांगास आणि इतर अनेकांच्या कल्पना तीत मिळाल्या. सप्टेंबर २००७ मध्ये टॉम लेन यांनी ती मुख्य संहितेत समाविष्ट केली आणि ४ फेब्रुवारी २००८ रोजी ८.३ या आवृत्तीतून ती जगभर पोहोचली. तिचे नाव ‘हीप-ओन्ली टपल’, संक्षेपाने ‘हॉट’. ‘हीप’ म्हणजे मूळ तक्ता आणि ‘टपल’ म्हणजे त्यातील ओळीची आवृत्ती : जी आवृत्ती केवळ तक्त्यात आहे, सूचीत नाही, ती.

खतावणीचे पान डोळ्यांसमोर आणले, की युक्ती सहज उलगडते. सूचीत ‘अमुक खाते, पान ४२’ असे लिहिलेले असते. शिल्लक बदलली आणि नवी रक्कम त्याच ४२ व्या पानावर खाली लिहिली, तर सूची बदलण्याचे कारणच उरत नाही. हॉटमध्ये नेमके हेच होते. पोस्टग्रेएसक्यूएल ८ किलोबाइटच्या पानांत नोंदी ठेवते. सूचीत असलेला कोणताही स्तंभ बदललेला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नवी आवृत्ती तेथेच लिहिली जाते. जुनी आवृत्ती नवीकडे बोट दाखवते आणि सूची पूर्वीच्याच ठिकाणाकडे पाहत राहते. त्या पानावरील निरुपयोगी आवृत्त्या एरवीच्या वाचन-लेखनाच्या ओघातच झाडल्या जातात. त्यासाठी मोठ्या सफाईची वाट पाहावी लागत नाही. पानावर किती जागा मुद्दाम कोरी ठेवायची, हे ठरवण्याची सोय ८.२ मध्येच आली होती. तिचा हॉटला मोठाच उपयोग झाला.

या युक्तीची मर्यादाही तिच्या अटींतच आहे. सूचीतील एक जरी स्तंभ बदलला, तरी सर्व सूचींत नवी नोंद घालावी लागते. जुलै २०१६ मध्ये उबरच्या अभियंत्यांनी पोस्टग्रेएसक्यूएल सोडून मायएसक्यूएलकडे का वळलो, हे सांगताना सूचींत होणाऱ्या या वाढीव लेखनावर बोट ठेवले. त्यानंतर लवकरच देवलसी यांनी ‘वॉर्म’ हा नवा प्रस्ताव मांडला : जी सूची प्रत्यक्ष बदलली, तिच्यातच नवी नोंद घालावी. दीर्घ चर्चा आणि परीक्षण होऊनही तो मुख्य संहितेत गेला नाही. जुनी नोंद बाजूच्या साठ्यात ठेवणाऱ्या ‘झीहीप’ या इंजिनाचे कामही अद्याप मुख्य संहितेपर्यंत पोहोचलेले नाही. तथापि अशा प्रयोगांसाठी दार उघडे झाले : ऑक्टोबर २०१९ मधील १२ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही तक्त्यांसाठी वेगळे इंजिन जोडता येते.

सफाई हा गौण विषय नाही, हेही याच इतिहासाने दाखवले. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक बदलाला ३२ बिटांचा क्रमांक देते. सफाई मागे पडून क्रमांक संपत आले, तर जुन्या-नव्याचा गोंधळ टाळण्यासाठी ते नवे लेखनच थांबवते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘मँड्रिल’ या ई-मेल सेवेवर हा प्रसंग ओढवला आणि तिचे काम अनेक तास विस्कळीत झाले.

दरम्यान तिसरा मार्गही रुजला. नोंदी आधी स्मृतीत जमवायच्या, क्रमाने लावून एकगठ्ठा डिस्कवर लिहायच्या आणि असे गठ्ठे मागाहून एकत्र करायचे, ही पद्धत पॅट्रिक ओनील आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडली. गूगलमध्ये जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी तिच्यावर ‘लेव्हलडीबी’ उभारले. त्याच्या आधारे फेसबुकमध्ये ध्रुव बोरठाकूर यांच्या पुढाकाराने ‘रॉक्सडीबी’ घडले आणि २०१३ मध्ये मुक्त झाले. येथेही जुने जागीच बदलत नाही; सफाई गठ्ठे एकत्र करताना होते. लेखन स्वस्त झाले, तर खर्च वाचनात किंवा सफाईत निघतो. सर्व बाजूंनी स्वस्त असे इंजिन अद्याप कोणाला साधलेले नाही.

विद्यार्थ्यांना हा इतिहास मुळातून वाचता येतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या संहितेत हॉटची रचना समजावणारे टिपण स्वतंत्र फाइल म्हणून आजही आहे. युक्ती का सुचली, कोठे अडते आणि कोणत्या पर्यायांना नकार दिला, हे त्यात साध्या इंग्रजीत लिहिलेले आहे. ते वाचण्यासाठी कोणाची अनुमती लागत नाही, आणि त्यात सुधारणा सुचवण्यासाठीही नाही. वॉर्मने हाताळलेला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.