कर्नलची बांधणी आणि नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची निवड : १९७९ ते २०१३

संगणकाच्या इतिहासात यंत्रांची नोंद होते आणि ती घडविणाऱ्या व्यक्तींचीही होते. परंतु यंत्र कामास लावण्यापूर्वी माणसाला कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत होती, याची नोंद सहसा होत नाही. वस्तुतः अशा प्रश्नांच्या यादीतूनच त्या काळी कोणते ज्ञान यंत्राजवळ होते आणि कोणते माणसाजवळ असणे आवश्यक होते, हे अधिक स्पष्ट कळते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, बांधताना नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर निवडण्याची क्रिया ही अशाच प्रकारची आहे. या विषयासंबंधी एक समज रूढ आहे. पूर्वी हे काम कठीण होते, पुढे ते सोपे झाले आणि आज ते उरलेच नाही, असे मानण्यात येते. हा समज अगदीच निराधार नाही; तथापि साधनांची तपासणी केली असता तो अपुरा ठरतो. काम नाहीसे झाले नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले, आणि प्रत्येक हस्तांतराबरोबर चुकीचे स्वरूपही पालटले. हे कसे घडले, ते येथे पाहावयाचे आहे.

१

युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत कर्नलच्या जुळणीसाठी ‘मेककॉन्फ’ नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. यंत्राला कोणती उपकरणे जोडलेली आहेत याची यादी माणसाने द्यावयाची आणि तिच्यावरून प्रोग्रामने दोन फाइली तयार करावयाच्या : एकीत उपकरणांची सारणी, दुसरीत इंटरप्टचे तक्ते. यादी चुकली तर कर्नल चुकला, कारण दिलेली यादी पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन कर्नलजवळ नव्हते.

बर्कले येथील युनिक्सने या रीतीत महत्त्वाचा पालट केला. १९८३ साली प्रसृत झालेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत इंटरनेटचे शिष्टाचार कर्नलमध्ये समाविष्ट झालेले होते. त्यामुळे नेटवर्कचे कार्ड हे कर्नलच्या रचनेतील एक नियमित अंग बनले. थ्रीकॉम, इंटरलॅन आदी कंपन्यांच्या ईथरनेट कार्डांसाठी तीत ड्रायव्हर होते. रचनेच्या फाइलीत प्रत्येक कार्डासाठी एक ओळ लिहावी लागे. कार्ड कोणत्या बसवर आहे, त्याच्या नियंत्रण-रजिस्टराचा पत्ता कोणता, आणि इंटरप्ट आल्यास कोणते फंक्शन बोलवावे, एवढी माहिती त्या ओळीत असे. ‘कॉन्फिग’ हा प्रोग्राम ती फाइल वाचून कर्नलच्या बांधणीची सामग्री तयार करी.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, व्हॅक्स यंत्रावर सुरू होताना हा कर्नल लिहिलेल्या माहितीवर आंधळा विश्वास ठेवीत नसे. दिलेल्या पत्त्यावर उपकरण खरोखर आहे की नाही हे तो तपासून पाही. इतकेच नव्हे तर उपकरणाला मुद्दाम इंटरप्ट करावयास लावून त्याचा व्हेक्टर कोणता हे तो स्वतःच ठरवी. फाइलीत नोंदलेले कार्ड यंत्रात नसेल तर कर्नल ते सोडून पुढे जाई. म्हणजे घोषणा माणसाची आणि पडताळणी यंत्राची, अशी कामाची वाटणी या काळात झाली. घोषणेत नसलेले कार्ड मात्र यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसे.

२

पुढील दशकात हा प्रश्न विद्यापीठांच्या यंत्रशाळांतून स्वस्त वैयक्तिक संगणकांत आला. या संगणकांची आयएसए बस प्रस्तुत दृष्टीने फार अडचणीची होती. बसवर बसविलेले कार्ड ‘मी अमुक आहे’ असे सांगू शकत नसे. त्याचा पत्ता आणि इंटरप्टचा क्रमांक कार्डावरील जंपर सरकवून ठरविला जाई, आणि दोन कार्डांत तंटा झाला तर तो सोडविणारा कोणीही मध्यस्थ नव्हता.

नोव्हेल कंपनीचे एनई-२००० हे कार्ड या काळाचे प्रातिनिधिक उदाहरण होय. नॅशनल सेमिकंडक्टरच्या ८३९० या चिपवर आधारलेल्या या कार्डाच्या असंख्य नकला निरनिराळ्या उत्पादकांनी बाजारात आणल्या. कार्डाला सलग ३२ पोर्ट लागत. नेहमीचा आरंभीचा पत्ता षोडशमान पद्धतीतील ३०० हा असे. परंतु २८०, ३२०, ३४०, ३६० हेही पर्याय असत. यांपैकी ३६० हा पत्ता निवडल्यास कार्डाची व्याप्ती ३७फ पर्यंत जाई आणि ३७८ वर बसणाऱ्या छपाईयंत्राच्या पोर्टाशी तिची टक्कर होई. ही गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला नेटवर्क आणि छपाई यांत बिघाड दिसे. कारण मात्र दिसत नसे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स कर्नलमध्ये नेटवर्कचे कार्य १९९२ पासून आले. रॉस बायरो, फ्रेड व्हॅन केंपेन आणि अॅलन कॉक्स यांच्या हातून नेटवर्कचा गाभा क्रमाने घडत गेला. ईथरनेट कार्डांच्या ड्रायव्हरांचा मोठा भाग मात्र डोनाल्ड बेकर यांनी लिहिला. पुढे १९९४ मध्ये नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग यांच्यासह बेकर यांनी १६ साध्या संगणकांचा बेओवुल्फ समूह उभारला. त्या समूहाचे सामर्थ्य स्वस्त ईथरनेट कार्डांच्या जोडणीवर अवलंबून होते. ड्रायव्हरांचा हा इतिहास केवळ घरगुती संगणकांपुरता मर्यादित नव्हता, हे त्यावरून दिसून येते.

लिनक्सने बर्कलेहून निराळी वाट धरली. ‘मेक कॉन्फिग’ ही आज्ञा दिली की एकामागून एक प्रश्न पडद्यावर येत : अमुक कार्डाचा ड्रायव्हर हवा की नको? पत्ता मात्र विचारला जात नसे. संभाव्य पत्त्यांची यादी ड्रायव्हरमध्येच लिहिलेली असे आणि सुरू होताना कर्नल त्या पत्त्यांवर चाचपणी करी. एनई-२००० च्या बाबतीत कार्डाच्या स्मृतीतील ठराविक दोन बाइटांत ५७ ही खूण आढळली की कार्ड ओळखले जाई. काही नकलांत ती खूणच नसे. अशा कार्डांसाठी ‘बॅड’ या अर्थाचा एक विशिष्ट आकडा हाताने द्यावा लागे.

या रीतीने अनभिज्ञ माणसाची सोय झाली. परंतु तिची किंमतही द्यावी लागली. आयएसए बसवर चाचपणी करणे म्हणजे अंधारात दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावणे होय. नेटवर्क कार्ड शोधण्यासाठी केलेल्या वाचनामुळे त्या पत्त्यावर बसलेले दुसरेच कार्ड गोंधळून जाई आणि कधी कधी संपूर्ण यंत्र थांबे. म्हणून दोन उपाय योजण्यात आले. ‘रिझर्व्ह’ या सूचनेने काही पत्ते चाचपणीतून वगळता येत. ‘ईथर’ या सूचनेने कार्डाचा इंटरप्ट आणि पत्ता स्पष्ट सांगता येई. शिवाय एक ईथरनेट कार्ड सापडले की शोध थांबे. दुसऱ्या कार्डासाठी मुद्दाम सूचना द्यावी लागे. याचा अर्थ असा की, बांधणीच्या वेळी जो प्रश्न टाळला होता तोच यंत्र सुरू करण्याच्या वेळी पुन्हा पुढे उभा राहिला. त्याच काळातील फ्रीबीएसडीने पत्ता रचनेच्या फाइलीतच ठेवला आणि सुरू होताना तो बदलण्याची सोय दिली. एका पद्धतीत न सांगितलेले कार्ड सापडत नसे, तर दुसरीत न विचारलेल्या कार्डाला धक्का लागण्याचा संभव असे. या दोहोंपैकी कोणती चूक अधिक सह्य, हाच खरा मतभेद होता.

३

१९९५ च्या १.२ या आवृत्तीच्या सुमारास मॉड्यूलांची पद्धत रूढ झाली आणि ‘हो’ व ‘नाही’ या दोन उत्तरांत ‘मॉड्यूल’ या तिसऱ्याची भर पडली. ड्रायव्हर कर्नलमध्ये कायमचा न बसविता स्वतंत्र ठेवावा आणि गरज पडेल तेव्हा चढवावा, असा तिचा अर्थ. आयएसए एनई-२००० चा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून चढविताना पत्ता देणे आवश्यक ठरविण्यात आले. चालू यंत्रावर चाचपणी करणे सुरू होतानाच्या चाचपणीपेक्षाही धोक्याचे, हा त्यामागील विचार होता.

तिसऱ्या उत्तरामुळे एक नवा विवेक आवश्यक झाला. ज्या यंत्राची मूळ फाइल-व्यवस्थाच नेटवर्कवरून, एनएफएसच्या द्वारे, येते त्या यंत्रात कार्डाचा ड्रायव्हर त्याच फाइल-व्यवस्थेतील मॉड्यूल म्हणून ठेवून भागत नाही. कारण मॉड्यूल मिळण्यासाठी नेटवर्क हवे आणि नेटवर्कसाठी मॉड्यूल हवे. ड्रायव्हर कर्नलमध्येच बसविणे किंवा आरंभीच्या स्मृति-चकतीत तो देणे, हेच मार्ग उरतात. पुढे ज्या कार्डांना स्वतःचे फर्मवेअर बाहेरून पुरवावे लागते ती आली तेव्हा उलट अडचण उद्भवली. ड्रायव्हर कर्नलमध्ये बसविला, पण फर्मवेअरची फाइल अजून न जोडलेल्या फाइल-व्यवस्थेत राहिली, तर कार्ड निकामी राहते. तात्पर्य, ‘हो’ हे उत्तर ‘मॉड्यूल’पेक्षा नेहमीच सुरक्षित, असा नियम सांगता येत नाही.

पीसीआय बसने मात्र मूळ प्रश्नच पालटला. या बसवरील प्रत्येक कार्ड उत्पादकाचा आणि उपकरणाचा असे १६ बिटांचे दोन क्रमांक स्वतःहून सांगते. इंटेलचा उत्पादक-क्रमांक षोडशमान ८०८६ हा आहे, ही गोष्ट अभ्यासकांना परिचित असेल. २००१ च्या २.४ या आवृत्तीत प्रत्येक ड्रायव्हरने आपण कोणते क्रमांक सांभाळतो याची सारणी मॉड्यूलमध्येच जाहीर करावी, अशी व्यवस्था दिसते. कार्ड आपले नाव सांगते, ड्रायव्हर आपली यादी सांगतो आणि मेळ घालण्याचे काम प्रोग्राम करतो. माणसाचे ज्ञान अनावश्यक झाले, असे वाटण्याजोगा हा क्षण होता.

याच सुमारास प्रश्नांची भाषाही वादाचा विषय झाली. एरिक रेमंड यांनी २००० साली पायथनमध्ये लिहिलेली सीएमएल-२ ही नवी रचना-भाषा पुढे मांडली. परंतु दीर्घ वादानंतर ती स्वीकारली गेली नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये रोमन झिपेल यांची ‘केकॉन्फिग’ ही पद्धत २.५.४५ या आवृत्तीत दाखल झाली आणि तीच टिकली.

४

क्रमांक जुळविण्याचे काम यंत्राने घेतल्यावर तंटा उरणार नाही, ही अपेक्षा फोल ठरली. एकाच क्रमांकावर दोन ड्रायव्हरांनी हक्क सांगितला तर काय करावयाचे? इंटेलच्या १०० मेगाबिट कार्डांसाठी बेकर यांच्या कामातून आलेला ईईप्रो-१०० आणि इंटेलचा स्वतःचा ई-१०० असे दोन ड्रायव्हर कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदत होते; अखेर पहिला काढून टाकण्यात आला.

२००८ चे प्रकरण याहून बोधप्रद आहे. इंटेलच्या गिगाबिट कार्डांसाठी ई-१००० हा एकच ड्रायव्हर होता. जानेवारी २००८ च्या २.६.२४ या आवृत्तीत ई-१०००-ई हा दुसरा आला आणि पीसीआय एक्स्प्रेस कार्डांचे क्रमांक पहिल्याकडून दुसऱ्याकडे सोपविण्याचे ठरले. तांत्रिक दृष्ट्या ही विभागणी रास्त होती. परंतु ज्यांच्या जुन्या रचना-फाइलीत केवळ पहिल्या ड्रायव्हरचे नाव होते, त्यांनी तीच फाइल घेऊन नवा कर्नल बांधला तर कर्नल बिनतक्रार बांधला जाई, यंत्र सुरू होई आणि नेटवर्क मात्र नसे. टोरवाल्ड्स यांनी या परिणामास तीव्र आक्षेप घेतला. एप्रिल २००८ च्या २.६.२५ या आवृत्तीत तडजोड झाली : नवा ड्रायव्हर बांधणीत निवडलेला असेल तरच जुन्याने ते क्रमांक सोडावेत.

या प्रसंगी यंत्रात काही बिघाड नव्हता, कार्डाने आपला क्रमांक बरोबर सांगितला होता आणि माणसाचे उत्तरही त्याने ते दिले तेव्हा खरेच होते. उत्तर कायम राहिले, प्रश्नाचा अर्थ मात्र पालटला. १९७९ मध्ये चूक यादी लिहिणाऱ्याची होती आणि १९९३ च्या सुमारास ती चाचपणीतून उद्भवे. २००८ मध्ये ती प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूला आली. रचना-फाइल हा बांधणारा आणि विकासक यांच्यामधील एक करार आहे, ही जाणीव या वादातून स्पष्ट झाली.

२०११ मध्ये जेफ किर्शर यांनी ईथरनेट ड्रायव्हरांची उत्पादकांनुसार नवी मांडणी केली. ती जानेवारी २०१२ च्या ३.२ या आवृत्तीत आली. तीत प्रत्येक उत्पादकाच्या नावाचा एक प्रश्न घालण्यात आला आणि त्याचे पूर्वनियोजित उत्तर ‘हो’ ठेवण्यात आले. त्या उत्तराने कर्नलमध्ये प्रत्यक्ष काही बसत नाही. ‘नाही’ म्हटले तर त्या उत्पादकाच्या कार्डांविषयीचे पुढील प्रश्न वगळले जातात, एवढेच. पूर्वनियोजित ‘हो’ नसते तर जुन्या फाइलीतील निवडी निमूटपणे गळून पडल्या असत्या. २००८ चा धडा वाया गेला नव्हता, असे यावरून म्हणता येते.

५

२०१३ मध्ये पॉल गॉर्टमेकर यांनी आयएसए काळातील अनेक ड्रायव्हर कर्नलमधून काढून टाकले. थ्रीकॉमच्या ३सी५०१ या जुनाट कार्डाचा ड्रायव्हर त्यांपैकी एक होता. पूर्वी लिनक्सवरील ईथरनेट कार्डांची सविस्तर मार्गदर्शिका ज्यांनी सांभाळली, त्यांच्याच हातून हे विसर्जन झाले. ज्याला त्या कार्डांचे गुणदोष पुरते ठाऊक होते त्यानेच त्यांचा कार्यभाग संपल्याचा निर्णय द्यावा, हे उचितच होते.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक दिशा मिळते. कर्नलच्या जुन्या आवृत्त्यांतील रचना-फाइली, प्रश्नांसोबतचे साहाय्यपर मजकूर आणि ड्रायव्हरांच्या शिरोभागातील टिपा ही अस्सल साधने आहेत. कोणते कार्ड उपलब्ध होते हे त्यांतून कळतेच. शिवाय कोणती माहिती गृहीत धरली जात होती आणि चुकीची जबाबदारी कोणावर टाकली जात होती, हेही कळते. आज बहुतेकांना कर्नल तयार मिळतो आणि त्यात जवळजवळ सर्व ड्रायव्हर मॉड्यूलरूपाने असतात. म्हणजे निवड झालीच नाही असे नव्हे, ती वितरण तयार करणाऱ्याने आपल्या वतीने केलेली असते. ज्याला स्वतः कर्नल बांधावयाचा आहे त्याच्यापुढे मात्र जुनाच प्रश्न उभा राहतो : आपल्या यंत्रात काय आहे हे आपणास ठाऊक आहे काय? यंत्र त्याचे उत्तर शोधण्यास साहाय्य करते. उत्तराचे दायित्व मात्र बांधणाऱ्याकडेच राहते.