ख्रिस्ती पती-पत्नी आणि मालमत्तेचा हक्क

विवाहवेदीसमोर वधू-वर सुखात व दुःखात एकमेकांस साथ देण्याचे वचन देतात. त्यानंतर घर दोघांचे, शेत दोघांचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कायदा मात्र तसे मानत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील धर्मग्रामांत विधवा भगिनी दाखल्यांसाठी येतात, तेव्हा ही गोष्ट त्यांना प्रथमच कळते, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. म्हणून आपल्याला लागू असलेल्या तरतुदींची माहिती येथे देत आहोत.

कोणता कायदा लागू होतो?

ख्रिस्ती व्यक्तीचा वारसाहक्क भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 नुसार ठरतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 आपणांस लागू नाही. आपल्या गावांत नावे, आडनावे व चालीरीती शेजाऱ्यांसारख्याच असल्याने वारसनोंदीच्या वेळी हा फरक नजरेआड होऊ शकतो. तलाठी कार्यालयातील अर्जात मृत व्यक्ती ख्रिस्ती होती, असा स्पष्ट उल्लेख करावा.

या कायद्याच्या कलम 20 नुसार केवळ विवाहामुळे पतीला पत्नीच्या किंवा पत्नीला पतीच्या मालमत्तेत हक्क प्राप्त होत नाही. मात्र विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा अधिनियम, 1874 नुसार पत्नीची कमाई व त्यातील बचत तिची स्वतंत्र मालमत्ता ठरते.

मृत्यूनंतरचा वाटा

पतीने मृत्युपत्र केले नसेल, तर पुढीलप्रमाणे वाटणी होते :

• पत्नी व मुले असल्यास पत्नीला एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुली यांना समान.
• मुले-नातवंडे नसून इतर रक्ताचे नातेवाईक असल्यास पत्नीला निम्मा वाटा.
• असे नातेवाईकही नसल्यास सर्व मालमत्ता पत्नीला.

पत्नी आधी वारल्यास तिच्या मालमत्तेत पतीला हेच हक्क मिळतात. उदाहरणार्थ, पतीच्या नावे 9 एकर जमीन असून मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर पत्नीला 3 एकर व प्रत्येक अपत्याला 2 एकर जमीन मिळेल. लग्न झालेल्या मुलीचा वाटाही भावांइतकाच असतो.

जमीन सासऱ्यांच्या नावावर असल्यास

खरी अडचण येथे उद्भवते. अनेक घरांत सातबारा आजही वडिलांच्या नावावर असतो. मुलगा व सून त्या जमिनीत वर्षानुवर्षे राबतात. मुलगा वडिलांच्या आधी वारला, तर पुढे वडिलांच्या मृत्यूनंतर, मृत्युपत्र नसल्यास, नातवंडांना त्यांच्या पित्याचा वाटा मिळतो. परंतु सून ख्रिस्ती कायद्यानुसार सासऱ्यांची वारस नसते. अपत्य नसलेल्या विधवेच्या हाती मग काहीच उरत नाही. हिंदू कायद्यात अशा विधवा सुनेला वारसांत स्थान आहे. आपल्या कायद्यात नाही. ज्या सासऱ्यांना सुनेचे कष्ट ठाऊक आहेत, त्यांनी हयातीतच तिची सोय करावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

मृत्युपत्र : संरक्षण आणि धोका

हिंदू एकत्र कुटुंबातील जन्मसिद्ध हक्काची कल्पना ख्रिस्ती कायद्यात नाही. ख्रिस्ती व्यक्ती आपली सर्व मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते. म्हणजेच पत्नीचा एक तृतीयांश वाटा एका कागदाने नाहीसा होऊ शकतो, तसेच एका कागदाने सर्व घर तिच्या स्वाधीनही करता येते.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. ज्यांना मालमत्ता द्यावयाची आहे, त्यांनी किंवा त्यांच्या पती-पत्नीने साक्षीदार होऊ नये. झाल्यास त्यांना दिलेला लाभ रद्द ठरतो. विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाने रद्द होते. 2002 च्या दुरुस्तीपासून ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रास प्रोबेट सक्तीचे राहिलेले नाही. धर्मादाय कार्यासाठी मृत्युपत्राने देणगी देण्यावर कलम 118 ने घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली जॉन वल्लामट्टम खटल्यात रद्द केले. तरीही आम्ही म्हणू : चर्चला देण्यापूर्वी घरातील माणसाचे छप्पर पक्के करावे.

निवासाचा हक्क

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केले. 2022 मध्ये प्रभा त्यागी खटल्यात विधवेच्या निवासहक्कासही न्यायालयाने संरक्षण दिले. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही.

धर्मसभेचा निर्णय व दिवाणी कायदा

धर्मसभेच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्दबातल ठरविला, तरी दिवाणी कायद्यात तो विवाह आपोआप संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली मॉली जोसेफ खटल्यात तसा निर्णय दिला. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा नसल्यास कायद्याच्या दृष्टीने पहिलीच पत्नी वारस राहते.

गोव्यातील व्यवस्था

शेजारच्या गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून वेगळी परंपरा आहे. विवाहापूर्वी दुसरा करार केला नसेल, तर मालमत्ता पती-पत्नींची समाईक होते व प्रत्येकाचा त्यात निम्मा हक्क असतो. 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती दांपत्यांना असे संरक्षण नाही. जे तेथे कायद्याने होते, ते येथे आपल्याला स्वतः करावे लागते.

काय करावे?

1. नवे घर वा जमीन खरेदी करताना खरेदीखत दोघांच्या नावे करावे.
2. पत्नीच्या नावे निवासी घर वा शेतजमिनीचे नोंदणीकृत बक्षीसपत्र करता येते. महाराष्ट्रात त्यावर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार व इतर खर्च वेगळा.
3. 1874 च्या कायद्यातील कलम 6 नुसार पत्नी व मुलांच्या लाभासाठी विमा काढता येतो. ती रक्कम सावकार वा बँकेस सहसा कर्जापोटी घेता येत नाही.
4. बँकेत नामनिर्देशन अवश्य करावे. पण नामनिर्देशित व्यक्ती त्यामुळे मालक होत नाही, हे ध्यानात ठेवावे.
5. अंत्यविधीनंतरच्या दुःखाच्या दिवसांत कोणीही पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर भगिनींनी घाईने सही करू नये.
6. धर्मग्रामातील विवाहाचा दाखला व मृत्यूचा शासकीय दाखला जपून ठेवावा.

प्रत्येक घराची परिस्थिती वेगळी असल्याने अनुभवी वकिलांचा सल्ला घ्यावा. वेदीसमोर दिलेले वचन सातबाऱ्यावर आपोआप उतरत नाही. ते उतरविण्याचे काम दोघेही हयात असताना करावयाचे असते.