फ्रीमेसनांची बंधुमंडळे आणि आपला संघ

‘लॉज’ हा शब्द आज कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे एस. टी. स्टँडाजवळची, मुक्कामास खोली देणारी इमारत उभी राहते. परंतु ह्या शब्दास एक जुना आणि निराळा अर्थ आहे. मध्ययुगात युरोपात प्रचंड देवालये बांधली जात असता पाथरवट व गवंडी कामाच्या जागेशेजारी एक झोपडी उभारीत. तेथे हत्यारे ठेवावयाची, दगड घडवावयाचे, दोन घटका विसावा घ्यावयाचा आणि नव्या उमेदवारास धंद्यातील खुब्या शिकवावयाच्या. त्या झोपडीस लॉज म्हणत. ह्याच झोपडीतून पुढे ‘फ्रीमेसन’ नामक जगप्रसिद्ध बंधुमंडळ निघाले. त्याचा उदय, भरभराट आणि उतार ह्यांचा इतिहास आपल्यासारख्या कारागीर समाजाने अवश्य अभ्यासावा, असे आम्हांस वाटते.

बांधकामे कमी झाली तसे ह्या लॉजांत गवंडी नसलेले लोकही मानाने घेतले जाऊ लागले. विद्वान, व्यापारी व सरदार त्यांत शिरले. हत्यारे हातातून गेली आणि त्यांचा अर्थ तेवढा उरला. लंडनमधील चार लॉजांनी २४ जून १७१७ रोजी एकत्र येऊन मध्यवर्ती ‘ग्रँड लॉज’ स्थापिले, अशी परंपरा आहे. पुढे १७२३ मध्ये जेम्स अँडरसन ह्याने मंडळाची घटना छापून प्रसिद्ध केली. सभासद ईश्वर मानणारा असावा, सदाचारी असावा, आणि लॉजात धर्म व राजकारण ह्यांवर वाद घालू नये, हे त्यांचे मुख्य दंडक.

ह्या मंडळाची दंतकथा मोठी चटका लावणारी आहे. सुलेमान राजाने यरुशलेम येथे मंदिर बांधविले, त्याचा मुख्य स्थपती हिराम. त्याच्यापाशी उस्तादाचा गुप्त शब्द होता. तीन लोभी कारागिरांनी तो शब्द मागितला. हिरामने तो सांगितला नाही, आणि त्यांनी त्यास ठार केले. प्राण गेला तरी वचन मोडू नये, हा तिचा बोध. सभासदाने तीन पायऱ्या चढावयाच्या: पहिली उमेदवाराची, दुसरी कारागिराची, तिसरी उस्तादाची. प्रवेशसमयी डोळ्यांस पट्टी बांधतात, शपथ घेववितात, कमरेस कोकराच्या कातड्याचा पांढरा झगा बांधतात. गवंड्याचा गुण्या म्हणजे सरळ वर्तन, कंपास म्हणजे वासनांस घातलेली मर्यादा, पाणसळ म्हणजे समता, ओळंबा म्हणजे सचोटी. अनघड दगड म्हणजे संस्कारहीन मनुष्य आणि घडीव चिरा म्हणजे संस्कारित मनुष्य. ह्या गुप्ततेमुळे लोकांत नाना कंड्या पिकत. लाहोरास लॉजच्या इमारतीस ‘जादूघर’ म्हणत, असे रड्यार्ड किपलिंगने आपल्या ‘किम’ ह्या कादंबरीत नमूद केले आहे.

हिंदुस्थानात हे मंडळ इंग्रज व्यापाऱ्यांबरोबर आले. कलकत्त्यास १७३० मध्ये लॉज निघाले, मद्रासेस १७५२ मध्ये व मुंबईस १७५८ मध्ये. पलटणींबरोबर फिरणारी लॉजेही असत. १७३२ मध्ये आयर्लंडच्या ग्रँड लॉजने अशी पहिली फिरती सनद एका पलटणीस दिली होती. आपली हिंगोली ही निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंटची छावणी. येथील पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा व सदर बाजार ही नावे त्या काळाची साक्ष देतात. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे वैभव सरले. आपले पूर्वज ज्या दरबाराच्या अंमलाखाली होते, त्याच्या राजधानीत, खुद्द हैदराबादेत, गोशामहलची बारादरी १८७२ पासून ह्या मंडळाच्या हाती होती.

आता ह्या बंधुत्वाची खरी कसोटी पाहू. ज्या मंडळाने पाणसळ हे समतेचे चिन्ह मानिले, त्याने काळ्या माणसास आपल्या पंक्तीस घेतले काय? मुंबईचे पारशी गृहस्थ माणकजी करसेटजी ह्यांनी येथील लॉजात प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. ते खचले नाहीत. युरोपात गेले आणि पॅरिस येथील लॉजात त्यांनी दीक्षा घेतली. अखेर १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे एतद्देशीयांकरिता लॉज स्थापन झाले. हिंदूंचा प्रवेश तर आणखी लांबला. हिंदू अनेक देव मानतात, मग त्यांची शपथ ग्राह्य कशी, हा आक्षेप. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त ह्यांनी वर्षानुवर्षे झगडून १८७२ मध्ये प्रवेश मिळविला. पुढे बाराच वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच शहरी नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण मेसन झाला. जग त्यास स्वामी विवेकानंद म्हणून ओळखते. अमेरिकेत बोस्टन शहरी १७७५ मध्ये प्रिन्स हॉल व त्याचे चौदा कृष्णवर्णी सोबती एका पलटणी लॉजात मेसन झाले. त्यांची परंपरा मात्र गोऱ्यांनी दोन शतके आपली मानिली नाही. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने तिला मान्यता दिली ती १९९४ मध्ये.

तरी चांगले तेही सांगितले पाहिजे. किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजात शिरला, तेव्हा तेथे हिंदू, मुसलमान, यहुदी व इंग्रज एकाच छपराखाली भावाभावांप्रमाणे बसत. परंतु पंगत मांडावयाची म्हटली की अडचण पडे, कारण कोणाची जात बाटावयाची! ह्या अडचणीचा उल्लेख त्याने आपल्या एका कवितेतही केला आहे. म्हणजे इंग्रजाने रंगाचा उंबरठा उभा केला, तर आपण ताटाचा केला. हे वाचून आम्ही तरी मान खाली घालतो.

वाचक म्हणतील, हे परक्यांचे पुराण आम्हांस कशास? त्यास उत्तर असे की, हत्यारास अध्यात्माचे चिन्ह करण्याची कल्पना आपल्या घरची आहे आणि ती लंडनच्या लॉजाहून चार शतके जुनी आहे. ज्यांचे मूळ गाव म्हणून आपण आपल्याच जिल्ह्यातील नरसीस वंदन करतो, त्या श्रीनामदेव महाराजांचा काळ परंपरेने १२७० ते १३५० असा धरतात. त्यांनी शिंप्याचा गज व कात्री ह्यांसच भक्तीची साधने केली. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत, त्यांत हा भाव आलेला आहे. सावता माळ्याने मळ्यात, नरहरी सोनाराने मुशीत, सेना न्हाव्याने आरशात आणि गोरा कुंभाराने चाकावर तेच पाहिले. ह्या साऱ्यांची मंडळी चंद्रभागेच्या वाळवंटी जमे. ह्याहून थोर बंधुमंडळ कोठे झाले?

दीक्षेची कथाही आपल्यापाशी आहे. तेर येथे संत जमले असता गोरोबाकाकांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. तेव्हा ते गुरूच्या शोधार्थ औंढ्या नागनाथास आले. तेथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय उचलून ठेवावे तेथे पिंडी उमटे, अशी आख्यायिका आहे. परीक्षा, मानभंग, गुरुभेट आणि नवा जन्म: लॉजातील पायऱ्या त्या ह्याच. भेद एवढाच की, तिकडे डोळ्यांस पट्टी बांधून शपथ, इकडे डोळे उघडून नाम. तिकडे शब्द गुप्त, इकडे तो टाळमृदंगाच्या गजरात चव्हाट्यावर. आणि लॉजात स्त्रियांस मज्जाव होता, तर नामदेवांच्या घरी जनाबाईची वाणी नामदेवांच्या वाणीबरोबर नांदत होती.

आता उताराचा विचार. ह्या मंडळांचे बळ केवळ दंतकथेत नव्हते. सभासद आजारी पडल्यास मदत, मयतास खर्च, विधवेस व पोरक्या मुलांस आधार, ही त्यांची खरी कामे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८१९ मध्ये स्थापिलेले ‘ऑड फेलोज’ नावाचे मंडळ ह्याच कामामुळे गावोगाव पसरले. पुढे सरकारनेच हा भार उचलला. इंग्लंडात १९११ मध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला, अमेरिकेत १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा. सभासदत्वाचा रोकडा लाभ गेला. उरला तो विधी आणि मेजवानी. दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ भरती आली खरी. अमेरिकेत १९५९ मध्ये मेसनांची संख्या सुमारे ४१ लाखांवर पोहोचली. त्यानंतर मात्र ओहोटी लागली, ती २०१७ मध्ये सुमारे पावणेअकरा लाखांवर आली. संध्याकाळी घरोघर दूरचित्रवाणी आली, नोकरीधंद्यासाठी माणसे गाव सोडू लागली, आणि बापाच्या लॉजात मुलगा जाईनासा झाला. गुप्ततेचे जे आकर्षण आजोबास होते, तेच नातवास हास्यास्पद वाटू लागले. आपल्या देशात २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्वतंत्रपणे स्थापन झाले व ते आजही चालू आहे. परंतु सामान्य माणसास त्याचे नावही क्वचितच ठाऊक असते.

हा आरसा आपल्यापुढे धरला तर काय दिसते? जुनी जातपंचायत हीही एक लॉजच होती. तिने अडल्यानडल्यास हात दिला, भांडणे मिटविली. पण तिनेच माणसे वाळीत टाकली, घरे उद्ध्वस्त केली. ह्या जुलमास आळा घालण्यासाठी महाराष्ट्र शासनास २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, ही आपणां सर्वांस लाजेची गोष्ट होय. पंचायत गेली आणि संघ आला. संघाच्या वधूवर मेळाव्यास मांडव अपुरा पडतो आणि वार्षिक सभेस गणपूर्तीसाठी तिष्ठावे लागते, हे कटु असले तरी सत्य आहे. तरुण येत नाहीत म्हणून आपण त्यांस दोष देतो. परंतु त्यांनी यावे असे तेथे आपण काय ठेविले आहे? हार, सत्कार आणि खुर्चीचा वाद, एवढेच ना? तयार कपड्यांच्या लाटेत ज्याचे यंत्र बंद पडले, त्या शिवणकाम करणाऱ्या बांधवास संघाने काय दिले, हा प्रश्न त्या तरुणाने विचारला तर आपल्यापाशी कोणते उत्तर आहे?

आमच्या अल्पमतीप्रमाणे इतिहासातून तीन गोष्टी निघतात. पहिली, बंधुत्व उपयोगी पडेल तोवरच टिकते. सरकारी योजना पुष्कळ आहेत. त्यांचा अर्ज भरून देणारा, परगावी शिकणाऱ्या मुलास खोली शोधून देणारा, दवाखान्यात रात्र काढणारा माणूस मात्र सरकार देऊ शकत नाही. तो संघाने द्यावा. दुसरी, हिशेब व कारभार उघडा असावा. गुप्ततेने प्रथम कुतूहल वाढते, मग संशय वाढतो. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, दार बंद करून भाऊ वाढत नाहीत.

ह्या तिसऱ्या गोष्टीस प्रमाण नामदेव महाराजांचेच आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून १३३८ मध्ये चोखोबा इतर मजुरांसह दगडमातीखाली गेले. नामदेव तेथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी वेचल्या, अशी कथा आहे, आणि पंढरीस महाद्वारापुढे चोखोबांची समाधी झाली. ज्यास जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याच्या अस्थी उचलताना नामदेवांनी जात विचारली नाही. आणि आपली स्वतःची जागा त्यांनी कोठे मागितली? देवळाच्या पायरीखाली, येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांच्या पायधुळीत. लॉजातील मानाच्या तीन पायऱ्या चढण्याच्या होत्या. आपली पायरी स्वतः दुसऱ्यास चढू देण्याची आहे.

पंजाबातील घुमान येथे नामदेवांच्या स्मरणार्थ २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि शीख बांधव आजही श्रद्धेने नरसीस येतात. शिंप्याच्या मुलाने मांडलेले बंधुमंडळ सातशे वर्षांनंतरही सभासद गमावीत नाही, कारण त्यास वर्गणी नाही, गुप्त शब्द नाही आणि उंबरठाही नाही. आपला संघ जातीच्या नावाने स्थापिलेला असला तरी त्याची शिवण जातीच्या काठाशी संपू नये. फाटलेले जोडणे हा आपला पिढीजात धंदा. तो कापडापुरता न ठेवता समाजाचाही करण्याची बुद्धी आपणां सर्वांस होवो, हीच श्रीनामदेवचरणी प्रार्थना.