पोटरीतले सहा तास

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात, येल विद्यापीठात, नऊ निरोगी माणसं आळीपाळीनं एका मोठ्या चुंबकात पाय ठेवून झोपली. कुणाला मधुमेह नव्हता. मायकेल रोडेन, जेराल्ड शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध केले. निरोगी माणसाचा स्नायू इन्सुलिनचं ऐकणं कसं थांबवतो, हे इतक्या बारकाईनं, घड्याळ लावून, जिवंत माणसात तोवर फारसं कुणी पाहिलं नव्हतं. त्या सहा तासांचा हा घटनाक्रम.

सहा तास उरले

माणूस उपाशीपोटी आहे. एका नळीतून ठरावीक वेगानं इन्सुलिन सुरू होतं. भरपेट जेवणानंतर रक्तात असावं साधारण तेवढं. इन्सुलिन साखर खाली खेचणार, म्हणून दुसऱ्या नळीतून ग्लुकोज सोडलं जातं. दर काही मिनिटांनी रक्त तपासायचं आणि ग्लुकोजचा वेग असा कमीजास्त करायचा, की साखर 5.2 मिलिमोल, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत 94 मिलिग्रॅमच्या आसपास जागची हलू नये. ही ‘क्लॅम्प’ पद्धत राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये मांडली. तिचं मर्म एकाच गोष्टीत आहे: साखर स्थिर ठेवायला जितकं ग्लुकोज ओतावं लागतं, तितकं शरीर वापरतं आहे. त्यातला फार मोठा वाटा स्नायूंचा असतो.

तिसऱ्या नळीतून वनस्पती तेलाचं दुधासारखं पांढरं मिश्रण जातं. सोबत हेपॅरिन, म्हणजे त्या तेलाचं मेदाम्लांत विघटन वेगानं होईल. याच माणसांवर हाच प्रयोग तेलाशिवायही केलेला आहे, तुलनेसाठी. तेलाविना रक्तातली मुक्त मेदाम्लं 0.18 मिलिमोल होती, तेलासह 1.93. दहापटीहून जास्त. रोजच्या जेवणानं पातळी सहसा इतकी चढत नाही, हे वाचकानं लक्षात ठेवावं. इथं मुद्दाम जोर लावून काळ आखडून घेतलेला आहे.

पाच तास उरले

काहीच नाही. ग्लुकोज तितकंच ओतावं लागतंय, साखर 94 वरच आहे. या क्षणी कुणी फक्त रक्ताचा अहवाल पाहिला असता, तर ‘सगळं नॉर्मल’ असा शेरा मारून कागद परत दिला असता.

साडेचार तास उरले

इथं पहिली गडबड होते, आणि ती फक्त चुंबकाला दिसते. पोटरीचा तुकडा न काढता, फॉस्फरसच्या संदेशावरून, स्नायूतलं ग्लुकोज-6-फॉस्फेट मोजलं जात होतं. ग्लुकोज पेशीत शिरलं की त्याचं हे पहिलं रूप. दीड तासाला ते घसरू लागतं: तेलाविना 237 मायक्रोमोल, तेलासह 195.

हा आकडा लहान दिसतो, पण त्यानं तेहेतीस वर्षांची समजूत हलवली. 1963 मध्ये केंब्रिजच्या फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या आणि श्वासपटलाच्या स्नायूंवरून एक सिद्धांत मांडला होता. मेदाम्लं जळू लागली की ग्लुकोज जाळण्याची साखळी पुढच्या टप्प्यावर अडते, मागे माल साचतो आणि म्हणून नवं ग्लुकोज आत यायचं थांबतं, असं त्यांचं म्हणणं. सिद्धांत देखणा होता आणि वर्षानुवर्षं शिकवला गेला. तो इथं खरा असता, तर ग्लुकोज-6-फॉस्फेट वाढायला हवं होतं. घाटात वर दरड कोसळली तर खाली गाड्यांची रांग लागते. पायथ्यालाच गाड्या अडवल्या तर घाट ओस पडतो. पोटरीत घाट ओस पडत होता. याचा अर्थ अडथळा पुढे नव्हता, अगदी सुरुवातीला होता: ग्लुकोजच्या आत येण्यात किंवा आल्याबरोबर फॉस्फेट जोडलं जाण्यात. माझ्या मते या प्रयोगाचं सगळं मोल या दीड तासाच्या मोजमापात आहे.

चार तास उरले

तिसरा तास लागतो. ग्लुकोज जाळण्याचा वेग उतरू लागतो. ही घट पुढे सुमारे 40 टक्क्यांवर जाते. जळणाची जागा मेदानं घेतली. रँडल यांनी सांगितलेली अदलाबदल खोटी नव्हती, पण ती पहिली घटना नव्हती.

अडीच तास उरले

साडेतीन तास झाले. आता संपूर्ण शरीराचा ग्लुकोजचा वापर घटू लागतो. इन्सुलिन तितकंच चालू आहे, तरी ग्लुकोजची नळी आवळावी लागते. नाहीतर साखर वर जाईल. स्नायूत ग्लायकोजनचा साठा होण्याचा वेगही तीन तासांपर्यंत बरोबरीचा होता, तो आता पडू लागतो. पहिल्या बिघाडापासून इथवर दोन तास गेले. त्या दोन तासांत बाहेरून काहीही दिसलं नाही.

शून्य

सहा तास पूर्ण. ग्लुकोजचा वापर तेलाविना होता त्याच्या 46 टक्क्यांवर आलेला. ग्लायकोजन बनण्याचा वेग जवळपास निम्मा. जो माणूस निरोगी म्हणून आत आला, त्याचा स्नायू आता टाइप-2 मधुमेह्याच्या स्नायूसारखा वागतो आहे. आणि रक्तातली साखर? तीच, 94 च्या आसपास, कारण कुणीतरी नळी आवळून ती तिथं धरून ठेवली आहे.

शून्यानंतर

सुदैवानं हे नुकसान टिकत नाही. मेदाम्लं खाली आली की काही तासांत स्नायू पुन्हा इन्सुलिनला साथ देतो.

तीन वर्षांनी, 1999 मध्ये, याच गटानं पुढचा धागा पकडला. स्नायूचे नमुने काढून पाहिलं तर इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पुढे नेणारं पीआय-3 कायनेज हे विकर तेलानंतर जागं होतच नव्हतं. त्या निरोपाविना ग्लुट-4 हे वाहक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर पुरेसं येत नाही, आणि ग्लुकोज बाहेरच राहतं. निरोप का तुटतो? सर्वांत जास्त पुरावा डायअसिलग्लिसेरॉलकडे बोट दाखवतो. स्नायूत आलेलं मेद ना जळलं, ना नीट साठवलं गेलं, की हा अर्धवट पदार्थ साचतो आणि प्रोटीन कायनेज-सी या विकरांना चेतवून निरोप तोडतो. म्हणूनच सराव करणाऱ्या धावपटूंच्या स्नायूंत मेद भरपूर असूनही त्यांचे स्नायू इन्सुलिनला उत्तम साथ देतात: तिथं आलेलं मेद रोज जळतं.

नळीतून दिलेलं तेल आणि ताटातलं तेल एक नव्हे, हा आक्षेप योग्य आहे. पण जर्मनीत तरुण पुरुषांना तीन दिवस भरपूर स्निग्ध आहार दिला, तेव्हा नडगीजवळच्या स्नायूत मेद वाढलं आणि इन्सुलिनचा प्रभावही उतरला. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कान्वू अभ्यासात 162 निरोगी लोकांना तीन महिने ठरवून दिलेला आहार होता. लोण्यासारख्या संपृक्त मेदानं इन्सुलिनची संवेदनशीलता सुमारे 10 टक्के घटली, एकअसंपृक्त मेदानं घटली नाही. मात्र एकूण उष्मांकांतले 37 टक्क्यांहून जास्त मेदातून घेणाऱ्यांना चांगल्या तेलाचा हा फायदाही मिळाला नाही. म्हणजे प्रकार महत्त्वाचा, आणि प्रमाणही.

घराघरांत हा घटनाक्रम तासांत नाही, वर्षांत चालतो. नळी आवळण्याचं काम तिथं स्वादुपिंड करतं, जास्त इन्सुलिन ओतून. बोस्टनच्या जॉस्लिन केंद्रानं दोन्ही पालक मधुमेही असलेल्या मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा निदानाच्या दहा वर्षांहूनही आधी हा बिघाड सापडला. आपल्याकडे तर बारीक अंगकाठीचाही भरवसा नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात मेद 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2.

येलमधल्याच आणखी एका प्रयोगाचे निष्कर्षही 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेही पालकांची निरोगी पण इन्सुलिनला दाद न देणारी मुलं 45 मिनिटं जिना चढण्याच्या यंत्रावर चढली, आणि पहिल्याच सत्रानंतर त्यांच्या स्नायूत ग्लायकोजन बनण्याचा वेग वाढला. तुमच्या आईला किंवा वडिलांना मधुमेह असेल, तर साखरेचा अहवाल बिघडण्याची वाट पाहू नका. आजपासूनच जिना चढायला लागा.