लग्नगडी आणि झरीची सभा

वसईचा इतिहास म्हटला, की १७३९ सालचा चिमाजी अप्पांचा विजय आणि १८०२ सालचा तह शाळकरी मूलही सांगेल. किल्ले पडतात, तह होतात, त्यांवर सह्या पुरुषांच्या असतात. मग स्त्रियांचे राजकारण कोठे शोधावयाचे? त्यासाठी किल्ला मागे टाकून विरारहून रेल्वेने उत्तरेकडे, डहाणू-तलासरीच्या रानपट्टीत जावे लागेल. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा मुलूख २०१४ पासून वसईबरोबरच पालघर जिल्ह्यात मोडतो.

येथे पिढ्यान्‌पिढ्या वारली राहतात. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक बाईच! भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात त्याही सुवासिनी. स्त्रीला एवढा मान. पण तिची गुलामीही पुष्कळदा याच लग्नातून सुरू होई. जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेलेल्या. लग्नाला पैसा हवा, म्हणून तरुण तो मालकाकडून कर्जाऊ घेई आणि फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे. त्याला म्हणत लग्नगडी. कर्ज फिटणार कसे? हिशेब मालकाच्या वहीत! आणि राबावे लागे ते त्याला एकट्याला नव्हे, त्याच्या बायकोलाही. जे कर्ज तिने मागितले नाही, त्यापायी तीच गहाण पडे. तिच्या अब्रूवरही मालक हक्क सांगे. हे सर्वांना ठाऊक होते; परंतु ही गोष्ट राजकारणाची आहे, असे कोणी मानीत नसे.

ते मानावयास लावले गोदावरी परुळेकरांनी. त्या मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या गोखले, जन्म १९०७ चा. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या बाई पती शामराव यांच्यासह किसान सभेच्या कामात पडल्या. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले, तेथे काही वारलीही आले होते. पुढे २३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची मोठी सभा भरली. वेठ करावयाची नाही, लग्नगडी राहावयाचे नाही, असा निश्चय तेथे झाला. मग गावोगाव जथे निघाले आणि लग्नगडी मोकळे होऊ लागले. याची किंमतही द्यावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले.

कोणी म्हणेल, 'हा तर मजुरांचा लढा, यात स्त्रियांचे वेगळे असे काय?' मला वाटते, पुष्कळ आहे. वेठ बंद झाली ती शेतावरची. लग्नगडीची चाल मोडली, तेव्हा मात्र घराच्या उंबऱ्याआतला अन्याय प्रथमच भरसभेत मांडला गेला. नवरी ही कर्जाचे तारण नव्हे, हे ठरले. वेठबिगारी बंद करणारा कायदा देशाने १९७६ साली केला. झरीच्या सभेनंतर एकतीस वर्षांनी! गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

१९९३ पासून ग्रामपंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. चांगलेच झाले. पण त्या जागेवर बसलेल्या बाईने घरातले कर्ज, मारहाण, अब्रू हे विषय काढले, की 'हे घरचे आहे, सभेत नको' असे जर आपण म्हणू लागलो, तर झरीच्या मागे जाऊ. असे होऊ नये, एवढेच मला सांगावयाचे होते.