‘राखीव’ या शब्दाचे तीन अर्थ

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. कोरकू भाषेत ‘सिपना’ म्हणजे साग. नदीच्या नावातच जंगलाची नोंद आहे. वनखात्याच्या दप्तरात मात्र हाच साग घनमीटरांत मोजला गेला. या दोन नोंदींमधील अंतर समजून घेतल्यावाचून मेळघाटच्या संरक्षणाचा इतिहास वाचता येत नाही.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे मेळघाटचे जंगल राखीव झाले, ते इमारती लाकडासाठी. फेब्रुवारी १९७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. शब्द ‘राखीव’ हाच राहिला, अर्थ बदलला. आता राखायचा होता तो वाघ. दोन्ही अर्थांत कोरकू माणूस मात्र कडेलाच राहिला.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे महत्त्व येथे जाणवते. सुमारे ३६ वर्षांच्या वनसेवेत त्यांनी कर्नाळा, नवेगाव, नागझिरा आणि मेळघाट येथे काम केले. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकारांकडे हा अधिकारी शिष्यभावाने गेला. ‘पक्षिकोश’ ही त्याच वृत्तीची परिणती. बगळ्यांच्या वीण-वसाहतीला ‘सारंगागार’ म्हणणारी त्यांची मराठी केवळ भाषांतराची सोय नव्हे. ज्याला नाव आहे, त्याचा नाश निदान लक्षात तरी येतो. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा ‘राखणे’ ही वाङ्मयीन कृतीही असू शकते, याला जणू मान्यताच मिळाली.

तरीही एक प्रश्न उरतो. नव्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे व्याघ्रप्रकल्पातून बाहेर वसविण्यात आली. पुढे आणखी गावे उठली. वाघाला निर्वेध अधिवास हवा, हे खरेच. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींचा हक्क मान्य केला, हेही तितकेच खरे. पण झाडाचे नाव कोशात नोंदवता येते. त्या झाडाखाली ते नाव उच्चारणारा आवाज कोशात मावत नाही. ‘राखीव’ या शब्दाचा तिसरा अर्थ, म्हणजे जंगल आणि त्याची भाषा दोन्ही राखणे, चितमपल्लींच्या गद्यात सापडतो. शासनाच्या दप्तरात तो अद्याप यायचा आहे.