हिराबाग आणि हुजूरपागा

राजवाडा जळाला आणि त्याच्या पदरचें एखादें दुय्यम बांधकाम तेवढें मागें उरलें, असा प्रकार आमच्या नागपूर प्रांतास नवा नाहीं. हिंगण्याहून नागपुरास आलेला मनुष्य महालांत कितीही हिंडला, तरी भोसल्यांचा जुना राजवाडा त्यास दिसावयाचा नाहीं. तो 1864 सालीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला व मागें राहिला तो नगारखान्याचा दरवाजा. अशा उरलेल्या वास्तूंचें करावें काय, हा प्रश्न निघाला कीं आम्हांस पुण्याच्या दोन जागा आठवतात. एक पेशव्यांचें बागेंतील विश्रामस्थान. दुसरी त्यांच्या घोड्यांच्या पागेची जागा.

पर्वतीच्या तळ्याकांठची हिराबाग ही नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींतली. दुसऱ्या बाजीरावानें 1803 सालीं लॉर्ड व्हॅलेन्शिया या इंग्रज प्रवाशाचा आदरसत्कार येथेंच केला. त्या समारंभास पुण्याच्या सामान्य रयतेपैकीं कोणी पाहुणा म्हणून गेला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. 1818 सालीं पेशवाई बुडाली आणि पुढें याच हिराबागेंत शहराचा टाऊन हॉल झाला. जेथें हुजुरांची मर्जी हाच ठराव होता, तेथें वकील, शिक्षक व पेन्शनर मंडळी ठराव मांडूं लागली, त्यांस उपसूचना देऊं लागली, आणि (पुणेंच तें!) एकमेकांशीं कडाकडा भांडूंही लागली. 1885 च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन पर्वतीजवळच्या या पेशव्यांच्या बागेंतच भरावयाचें होतें. ऐन वेळीं पुण्यांत पटकीची सांथ आली आणि तो मान मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेस मिळाला.

परंतु आमच्या मतें हिराबागेचा खरा मोठा दिवस त्याच्या आदल्या वर्षीं येऊन गेला होता. मुलींसाठीं हायस्कूल काढावें म्हणून 1884 सालीं येथें सभा भरली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर बावीस वर्षांच्या रमाबाई रानडे उठल्या आणि त्यांनीं इंग्रजींत निवेदन वाचलें. लग्न होऊन आल्या तेव्हां त्यांस अक्षरओळखही नव्हती. पुरुषांच्या भरसभेंत, तेंही परक्या भाषेंत, घरच्या सुनेनें बोलावें हें घरांतील वडील स्त्रियांस मुळींच रुचलें नाहीं, आणि त्याबद्दल काय काय ऐकावें लागलें तें रमाबाईंनीं आपल्या आठवणींत सांगितलें आहे. सभेंतील टाळ्यांपेक्षां तें घरांतलें ऐकून घेणेंच आम्हांस अधिक धैर्याचें वाटतें.

शाळा निघाली. वामन आबाजी मोडक, न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर हे तिचे पुरस्कर्ते. अभ्यासक्रमावर टिळकांनीं सडकून टीका केली; मुलींनीं पुरुषांचेच विषय शिकून घर कसें चालावयाचें, असा त्यांचा रोख होता. टिळकांविषयीं आमचा आदर कोणाहूनही कमी नाहीं, पण या वादांत ते चुकले असें म्हणणें आम्हांस भाग आहे. शाळेस जागा मिळाली ती पेशव्यांच्या खाशा घोड्यांच्या पागेची. जेथें एके काळीं मोतद्दार घोड्यांस खरारा करीत, तेथें पुढें इरावती कर्वे शिकल्या, शांता शेळके शिकल्या. सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांचें नांव शाळेस रीतसर दिलेलें आहे आणि दप्तरीं तेंच चालतें. मात्र कोणत्या शाळेंत जातेस म्हणून विचारलें, तर पुण्याची मुलगी अजूनही सांगते, “हुजूरपागेंत.”